दोन्हीकडे तीनशे एकोणपन्नास

काउंटरच्या काचेवर ते आधी बोटानं एक उभी रेघ ओढायचे. रेघेच्या डावीकडे थोरली मुलगी, उजवीकडे धाकटी. मग दोन्हीकडे बोटानंच सहा-सहा आकडे लिहायचे, खाली आडवी रेघ मारायचे आणि मान वर करून विचारायचे, "हौ बाई, बेरीज काय म्हणते?"

बोटाला शाई नसल्यामुळे काचेवर काहीच उमटायचं नाही. पण मला ते आकडे पाठ होते. "दोन्हीकडे तीनशे एकोणपन्नास, काका."

"मग ठीक."

एवढं ऐकण्यासाठी हा माणूस गौलीगुड्याहून दोन बस बदलून सिकंदराबादला यायचा, दर मंगळवारी. कुठल्याही कचेरीच्या खिडकीच्या आत किंवा बाहेर थोडे दिवस काढले असतील, तर तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल. काम झालेलं असतं, पावती मिळालेली असते, तरी ते येतं. आपण आधी वैतागतो, मग त्याची सवय होते, आणि एखाद्या मंगळवारी ते आलं नाही की आपण घड्याळ बघतो.

मी जिथं काम करते ती कंपनी जुनी नाणी आणि नोटा तपासून देते. लोक नाणं आणून देतात. आत दोन तपासनीस भिंगाखाली ते बघतात, खरं की खोटं ठरवतात, आणि खरं असेल तर ते किती चांगल्या अवस्थेत आहे याला सत्तरपैकी एक आकडा देतात. मग नाणं पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद होतं. डबीवर लेबल, लेबलावर नंबर. तो नंबर आमच्या वेबसाइटवर टाकला की नाण्याचा फोटो आणि आकडा कोणालाही, कुठूनही दिसतो. मी यातलं काहीच करत नाही. मी फॉर्म भरून घेते, मोजून घेते आणि मोजून देते.

काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. मूळचे परभणीकडचे, पण लहानपणापासून इथंच, त्यामुळे त्यांच्या मराठीत हौ आणि नक्को इतके मिसळलेले की वेगळे काढता आले नसते. मी नांदेडची, लग्न होऊन कुकटपल्लीत आलेली. पहिल्याच दिवशी माझ्या फोनवरचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं आणि ते शेजारच्या खिडकीची रांग सोडून माझ्या रांगेच्या शेवटी येऊन उभे राहिले. "आपल्या भाषेत फशिवलं तरी समजतं तरी," म्हणाले.

त्यांच्याकडे बारा हाली रुपये होते. हाली म्हणजे जुन्या हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं चलन, चांदीचं, एका बाजूला चारमिनार असलेलं. वडिलांनी बाजूला टाकलेले. पाच वर्षांपूर्वी त्यांनी ते आमच्याकडून तपासून घेतले, एका वेळी एक, बारा खेपांत. सगळे एकदम का देत नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "एक हरवला तर अकरा राहतील. बारा हरवले तर कोणाचं तोंड बघू?"

त्यांना दोन मुली. दोघी हैदराबादेतच, दोघींची लग्नं झालेली. मुलींची आई गेल्यावर काकांनी तिच्या दोन पाटल्या दोघींना एकेक दिल्या. नंतर कोणीतरी सोनाराकडे वजन केलं. एक पाटली दुसरीपेक्षा दोन ग्रॅम जड निघाली. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

"पार्सलमध्ये चाळीस साल वजनं केली बाई," ते म्हणाले, "आणि घरच्या पाटल्या काट्यावर ठेवल्या नाहीत. मला वाटलं, जोड आहे, तर सारखीच असंल."

म्हणून रुपयांच्या वेळी त्यांना तिसऱ्याचा आकडा हवा होता. बापानं वाटलं असं कोणी म्हणू नये. बारा आकडे आल्यावर त्यांनी सहा-सहाचे दोन वाटे असे पाडले की दोन्हींची बेरीज एकच आली. थोरलीचे त्रेसष्ट, अठ्ठावन्न, पंचावन्न, बासष्ट, पन्नास, एकसष्ट. धाकटीचे चौसष्ट, पंचावन्न, अठ्ठावन्न, एकसष्ट, अठ्ठावन्न, त्रेपन्न. तुम्ही करून बघा.

खरं तर या आकड्यांची अशी बेरीज होत नाही. साठ आणि एकसष्टमध्ये जो फरक असतो तो पन्नास आणि एक्कावन्नमध्ये नसतो. हे मला माहीत होतं आणि मी त्यांना सांगितलंही होतं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "हौ. पर बेरीज बरोबर आहे ना?" बेरीज बरोबर होती. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मग आमचे नियम बदलले.

मुख्य कचेरी दुसऱ्या शहरात आहे. तिथून एक दिवस चार कलमांचं पत्रक आलं आणि त्याच दुपारी ते वेबसाइटवर लागलं. एक, जुन्या लेबलांचे नंबर ठरलेल्या मुदतीनंतर वेबसाइटवर दिसणार नाहीत. हवे असतील तर नाणं पुन्हा तपासायला द्या. दोन, एका अर्जात किमान तीन नाणी. तीन, पूर्वी साफ केलेल्या नाण्याचे दोन-चार आकडे कापून आकडा दिला जायचा, आता त्याला आकडाच मिळणार नाही; लेबलावर फक्त 'अस्सल, साफ केलेले' असं छापलं जाईल. चार, अर्जात दिलेली माहिती चुकीची आढळली तर फेरविचार होणार नाही.

लोकांनी काय केलं ते मला विचारा, कारण पत्रक लिहिणाऱ्यांना कोणी विचारत नव्हतं. पहिल्या सोमवारी माझ्या एकटीच्या खिडकीवर एकतीस माणसं आली. त्यातल्या तीन जणांना काम होतं, बाकीची ओरडायला आली होती. एका व्यापाऱ्यानं डब्यांनी भरलेली पिशवी काउंटरवर आपटली. "क्या मज़ाक लगा के रखे आप लोगां! कल तक चौसट नंबर था, आज नंबरच नईं?" एका निवृत्त प्राध्यापकांनी चार पानी पत्र आणलं आणि ते मला उभं राहून वाचून दाखवलं. एक बाई काही न बोलता रडल्या. त्यांच्या नवऱ्यानं जमवलेल्या नोटा होत्या. एकानं माझा फोटो काढला. का, ते सांगितलं नाही.

सर्वांना द्यायचं उत्तर छापून आलं होतं. चार वाक्यांचं. पहिल्यात आभार, दुसऱ्यात खेद, तिसऱ्यात नियम, चौथ्यात पुन्हा आभार. मी आमच्या साहेबांना म्हटलं, "सर, यात उत्तर कुठं आहे?" साहेब तेलुगू, माणूस वाईट नाही. म्हणाले, "क्या करतें मॅडम, ऊपर से आया." त्यांनाही वरचं कोणी फोनवर सापडत नव्हतं.

काका मंगळवारी आले. पत्रक त्यांनी घडी करून वरच्या खिशात ठेवलं होतं. त्यांची अडचण सरळ होती. जावई फोनवर नंबर टाकून बघतात. मुदत संपली की तिथं 'नोंद सापडली नाही' असं येणार. मग म्हाताऱ्यानं आकडे मनानं लिहिले असं व्हायला किती वेळ?

"द्यायचे का परत तपासायला?" त्यांनी विचारलं. "तुम्ही सांगा. मी देतो म्हणलं तर देतो, नक्को म्हणलं तर नक्को."

मी सांगितलं. हे मी आज लपवत नाही. मी म्हटलं, "काका, तुमची घरची नाणी आहेत. बाजारात फिरलेली नाहीत. फार तर एखादा आकडा इकडचा तिकडे होईल, मग आपण वाटे परत जुळवू."

फॉर्म इंग्रजीत असतो. मी एकेक प्रश्न मराठीत वाचायची, ते सांगतील ते लिहायची. सातवा प्रश्न होता, नाण्यावर कधी काही प्रक्रिया केली आहे का?

"प्रक्रिया कायकू करंल कोणी? नक्को. दिवाळीच्या पूजेला त्यांची आई धुवायची, बास."

मी लिहिलं, 'नाही'.

माझ्याही देव्हाऱ्यात एक चांदीचं नाणं आहे. लग्नात सासूबाईंनी दिलेलं. दर लक्ष्मीपूजनाला मी ते घासते, लख्ख करते, पुसून पाटावर ठेवते. आठ वर्षं या काउंटरवर बसून, साफ केलेलं म्हणजे खराब केलेलं हे रोज ऐकून, मला एकदाही वाटलं नाही की मी नाण्यावर काही करते. पूजेचं भांडं धुतलं म्हणजे त्याच्यावर प्रक्रिया केली, असं आपल्याकडे कोण म्हणतं? काकांनी त्यांच्याकडून खरं तेच सांगितलं होतं. पेन माझ्या हातात होतं. 'हो' लिहायची वेळ आली असती, तर ती नाणी देऊच नका असं मीच म्हटलं असतं.

मुदतीमुळे या वेळी काकांनी सगळे एकदम दिले होते; पाच आठवड्यांनी बारा डब्या आल्या. मोजून घेणं माझं काम, म्हणून मी आधी मोजल्या आणि मग वाचल्या. सात नाण्यांचे आकडे होते तसेच होते. पाचांवर आकडा नव्हता. 'अस्सल, साफ केलेले'. थोरलीच्या वाट्यातले चार, धाकटीच्यातला एक.

काकांनी डब्या रांगेत लावल्या. काचेवर उभी रेघ ओढली. डावीकडे दोन आकडे लिहिले, उजवीकडे पाच. मग बोट तिथंच ठेवून बराच वेळ उभे राहिले. मागून कोणीतरी "चलो ना चचा, जल्दी" म्हणालं.

"एकशे पंचवीस," ते म्हणाले, "आणि दोनशे शहाण्णव."

मी पाच लेबलं पुन्हा एकदा वाचून पाहिली.

"साफ केलं म्हणजे गुन्हा झाला का, बाई? मळकं राहिलं असतं तर पास?"

"नियम तसा आहे, काका."

"ती बिचारी पूजेला पाच काढायची. कोणते, ते मी कधी बघितलं पण नाही." मग एकदम आवाज चढला. या आधी कधी चढला नव्हता. "बाजारात चोळून विकायला काढलेलं आणि देवापुढं ठेवलेलं एकाच लायनीत? तुमच्या आतल्या लोकांना भिंगातून एवढंच दिसतं?"

फेरविचाराचा अर्ज त्यांनी मराठीत लिहिला, दोन पानं, पार्सल ऑफिसच्या टपोऱ्या अक्षरात. मी त्याचं इंग्रजी केलं आणि खाली माझ्या नावानं एक ओळ जोडली, की प्रश्न सातचं उत्तर अर्जदाराचं नसून ते लिहिताना माझी चूक झाली. मागणी साधी होती: पाचांच्या लेबलावर जुना आकडा बारीक अक्षरात तरी छापा. अकराव्या दिवशी उत्तर आलं. चार वाक्यं. आभार, खेद, कलम चार, आभार. माझ्या ओळीचा उल्लेख नव्हता. चूक कबूल केली तरी ती घ्यायला कोणी नसतं, हे मला तेव्हा कळलं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी घरी बसून सातांचे वाटे पाडून पाहिले. एकीकडे तीन, दुसरीकडे चार, याशिवाय मार्ग नाही. सर्वांत मोठे तीन घेतले तर एकशे एकोणनव्वद, उरलेल्या चारांचे दोनशे बत्तीस. बेरीज जुळणं शक्यच नव्हतं. नवरा म्हणाला, "दुसऱ्याच्या नाण्यांसाठी तू कशाला जीव आटवतेस?" मी त्याला सातवा प्रश्न सांगितला. तो म्हणाला, "मीपण नाहीच म्हटलं असतं." त्यानं मला बरं वाटायला हवं होतं.

काकांनी डब्या नेल्या नाहीत. "बेरीज जुळल्याबिगर कुठं नेऊ?" डब्या आमच्या तिजोरीत राहिल्या आणि ते मंगळवारी येत राहिले. रांगेत आता भांडणारी माणसं कमी झाली होती. लोकांचं तसंच असतं. महिनाभर ओरडतात, मग नवा फॉर्म भरतात. व्यापारी पुन्हा येऊ लागला, प्राध्यापकही आले. काका मात्र नव्या माणसांना धरून सांगायचे, "अर्ज भरताय? सातवा सवाल नीट वाचा. देवपूजा पण लिहा." साहेबांनी मला त्यांना आवरायला सांगितलं. मी आवरलं नाही.

मी एकदा म्हटलं, "काका, मुलींना बोलवून सरळ सांगा ना, काय झालं ते."

"एकीला बोलावलं की दुसरी येत नाही. कोणाला पहिलं सांगू? पहिलं सांगितलं तीच लाडकी."

शेवटच्या मंगळवारी त्यांनी पावती बदलून मागितली. डब्या नेणाऱ्याच्या रकान्यात दोघींची नावं घालायला लावली, आणि खाली लिहायला सांगितलं: दोघी एका वेळी हजर राहून सह्या करतील तेव्हाच देणे.

"आणि एकच आली तर?"

"तर परत पाठवा. नियम आहे म्हणा. तुमच्याकडं नियमांची काय कमी?"

ते हसले. मलाही हसू आलं. त्या दिवशी त्यांनी काचेवर काही लिहिलं नाही.

पुढचे दोन मंगळवार ते आले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात पावतीवरच्या नंबरवर मी फोन केला, तो धाकटीनं उचलला. काका झोपेतच वारले होते. मी कोण ते सांगितलं, डब्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "मी येते." मी म्हटलं, "दोघींनी यावं लागेल." मग ती म्हणाली, "असा कसला नियम?"

त्यांना यायला चार महिने लागले.

दोघी वेगवेगळ्या आल्या, दहा मिनिटांच्या अंतरानं. रांगेत दोघींच्या मधे एक अनोळखी माणूस उभा राहिला, तो जाईपर्यंत दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. मी बारा डब्या काढल्या, मोजल्या, काउंटरवर ठेवल्या. सह्या घेतल्या. आणि सांगितलं. तीनशे एकोणपन्नासचं, नव्या नियमाचं, मी दिलेल्या सल्ल्याचं, सातव्या प्रश्नाचं, माझ्या 'नाही'चं. हे बोलणं चार महिने माझ्या डोक्यात तयार होतं. शेवटी म्हटलं, "या पाच नाण्यांचे आकडे माझ्यामुळे गेले. तुमच्या वडिलांची वाटणी बिघडली ती माझ्या हातून."

थोरलीनं एक डबी उचलून डोळ्यांजवळ नेली. तिला मराठी बोलता येतं, वाचायला जड जातं; लेबल इंग्रजीत होतं ते तिनं वाचलं. "साफ केलेले म्हणजे? आईनं धुतलेले?"

"हो. पूजेतले पाच."

"हेच पाच?"

"भिंगाखाली ओळखू येतं. इतर सातांना कोणी हात लावलेला नाही."

"आम्हाला कधी कळलंच नाही ती कोणते पाच घ्यायची," ती म्हणाली. कोणाला उद्देशून, ते स्पष्ट नव्हतं. "सगळे सारखेच दिसायचे."

धाकटीनं पाच डब्या बाकीच्या सातांपासून वेगळ्या केल्या. आकडेवाल्या सात डब्या तिनं कोपरानं बाजूला सारल्या, जसं ताटातलं नको ते सारतात. "मला यातले पाहिजेत," ती म्हणाली.

"मग मला नकोत का?" थोरली.

"मी कुठं नको म्हणलं?"

इतक्या वर्षांनी पहिलं बोलणं ते हे. दोन-दोन झाले आणि एक उरला. पाच हा आकडा कोणत्याही रीतीनं अर्धा होत नाही. "तू घे." "नक्को, तू घे, तू मोठी." "मोठी म्हणून घेतलं की उद्या ऐकवशील." "मी ऐकवते? पाटलीचं कोणी ऐकवलं?" मागची रांग वाढत होती आणि साहेब आतून डोकावून गेले.

मग धाकटी माझ्याकडे वळली. "मॅडम, यातल्या अजून एकावर असंच लिहून मिळेल का? साफ केलेले? म्हणजे सहा होतील."

या खिडकीवर आकडा वाढवून मागायला माणसं येतात. रडून, ओरडून, ओळख सांगून. दोष लिहून मागणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघत होते. मी म्हटलं, "नाही हो. जे केलेलं नाही ते कसं लिहिणार?"

"पण केलं तर?" थोरलीनं विचारलं.

"म्हणजे?"

"आम्ही डबी फोडून धुतलं घरी. आई धुवायची तसं. मग?"

मी पत्रक काढलं. कलम तीन पुन्हा वाचलं, कारण या वेळी मला चुकायचं नव्हतं. "धुऊन आणलंत तर लिहावंच लागेल," मी म्हटलं. "फक्त एका अर्जात किमान तीन नाणी लागतात."

"मग तीन धुऊ," धाकटी म्हणाली.

"तीन धुतले तर आठ होतात, येडी. चार-चार."

"बरंय की मग."

त्यांनी बारा डब्या एकाच पिशवीत भरल्या. पिशवी कोणी धरायची यावर थोडा वेळ गेला. मग एकेक बंद दोघींनी धरला आणि त्या जिन्याकडे निघाल्या. मी पुढच्या माणसाचा फॉर्म ओढून घेतला, पण लक्ष जिन्याकडेच होतं. थोरली म्हणत होती, आई आधी चिंचेचा कोळ लावायची, मग राख. धाकटी म्हणत होती, राख आधी. खालच्या दारापर्यंत त्यांचा वाद ऐकू येत होता.